परदेशातला फ्लॅट आणि खांबावरची कालवं

त्या म्हाताऱ्याला मी परत पाठवणार होतो, हे आधीच कबूल करतो. ती घटना आजही आठवते ती त्यामुळेच. नोकरीत चुका पुष्कळ झाल्या, पण होता होता राहिलेली ही एक चूक निवृत्तीनंतरही मधूनच समोर येऊन उभी राहते, आणि मी मनातल्या मनात तिघांचे आभार मानतो.

त्या वेळी मी नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्या वयात अधिकाऱ्याच्या अंगात एक प्रकारचा आळस शिरतो. त्याला आम्ही अनुभव म्हणतो.

मंगळवारची सकाळ होती. हजेरी झाली होती, रात्रपाळीचे लोक घरी गेले होते, एक आरोपी कोर्टाकडे रवाना झाला होता. ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "सर, एक म्हातारा आलाय. परदेशातल्या जागेची तक्रार आहे म्हणतो. हद्द कुठली विचारलं तर म्हणतो, समुद्राची."

"पाठव," मी म्हणालो. थोडी करमणूक होईल असं वाटलं होतं.

आत आला तो मोरा कोळीवाड्यातला तांडेल. तांडेल म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख. वय पंचाहत्तरीच्या आसपास, काळाभोर, इस्त्रीचा पांढरा शर्ट खास ठाण्यासाठी घातलेला. बस म्हटलं तरी बसेना. त्याची हकिकत थोडक्यात अशी. मुलाचे बंदरात ट्रेलर चालतात, हातात पैसा आहे. वाशीतल्या एका एजंटकडे त्यानं पूर्वेकडच्या एका देशात, समुद्राच्या काठी, होणाऱ्या इमारतीत फ्लॅट बुक केला. एजंटनं बुकिंगवाल्यांना जागा दाखवायला विमानानं नेलं. मुलाला सवड नव्हती, म्हणून बाप गेला. आणि आता बापाचं म्हणणं होतं की ती जागाच खोटी आहे. (देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांचा यात काही दोष नव्हता.)

"बाबा," मी म्हणालो, "जागा परदेशात. आमची हद्द नाही. शिवाय ही दिवाणी बाब आहे, वकील गाठा." हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा म्हटलं असेल की झोपेतही म्हणू शकेन. माझा हात घंटीकडे गेला होता.

"हद तुमची नाय, मना ठाव हाय," तांडेल म्हणाला. "पन इकनारा मानूस वाशीला बसतंय. त्याचा हापिस तुमचे हद्दीन हाय का नाय?"

असं म्हणून त्यानं खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि टेबलावर एक खडबडीत, राखाडी, धारदार कडांची वस्तू ठेवली. मला तो दगड वाटला. मी माण तालुक्यातला. आमच्याकडे पाणी टँकरनं येतं, समुद्राशी आमचा संबंध शाळेच्या सहलीपुरता.

त्याच वेळी टपालावर सह्या घ्यायला आमची महिला हवालदार आत आली होती. ती आवक-जावक सांभाळायची. माहेर खाडीकाठच्या गावातलं. तिनं ती वस्तू पाहिली आणि म्हणाली, "सर, हे कालव आहे."

"म्हणजे?"

"शिंपल्यातला जीव. खडकाला, खांबाला चिकटून वाढतो. पण जिथं रोज भरतीचं पाणी चढतं तिथंच. कोरड्या जागेवर कालव धरत नाही." मग तांडेलाकडे वळून ती एकदम गावच्या बोलीत शिरली, "कंचे खांबावरशी काढलाव, बाबा?"

"त्यांचे जाग्याचे कुंपनाचा खांब. मांडीपर्यंत कालवां होती, बाय. म्हंजे मांडीभर पानी येतं तिथं. त्यावर बारा माळ्यांची बिल्डिंग कोन बांधनार? बाकी सगली बोर्डासमोर फोटू काढीत होती. मी खांब बघत होतो."

मी विचारलं, "मग तुमचा मुलगा तक्रार द्यायला का आला नाही?"

"तो लाजतंय. गावान हसतील म्हनतो. माझा गेला त जाव दे, सायेब. पन एक सानपाड्याची ताई हाय. ती राहता घर इकतेय या जाग्यासाठी. शुक्रवारी सह्या हायेत तिच्या."

ही ताई कोण, तर त्याच सहलीतली. तांडेलाला तिकडचं जेवण घशाखाली उतरेना. "मासलीन साखर घालतात," असं त्यानं इतक्या दुःखानं सांगितलं की हवालदार बाईंना हसू आवरेना. त्या ताईनं बॅगेत छोटा विजेचा कुकर नेला होता. चार दिवस तिनं ह्या अनोळखी म्हाताऱ्याला मऊ भात, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं खाऊ घातलं. तिनं नाव विचारलं नाही, यानंही विचारलं नाही. आता दोन बस बदलून तो ठाण्यात आला होता, तो त्या भाताला जागून.

मी घंटीवरचा हात काढला आणि स्टेशन डायरीला नोंद घ्यायला सांगितली.

ताईचा पत्ता नव्हता. एजंटकडे यादी मागितली असती तर तो सावध झाला असता. पण ताईनं गप्पांत सांगितलं होतं, की गॅलरीतून बाग दिसते आणि खाली पिठाची गिरणी आहे, तिच्या आवाजानं दुपारची झोप होत नाही. हवालदार बाई सानपाड्यात गेल्या आणि गिरण्या शोधत फिरल्या. तिसऱ्या गिरणीवाल्यानं सांगितलं, "वरच्या काकू ना? त्या चालल्या हो फॉरेनला. दळण बंद केलंय त्यांनी."

बुधवारी सकाळी मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. हॉलमध्ये पुठ्ठ्याची खोकी भरून ठेवलेली. गृहस्थ तुर्भ्याच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, नेटके, प्रत्येक कागद फाईलला लावणारे. एकुलती मुलगी त्या देशात नोकरीला. उरलेलं आयुष्य तिच्याजवळ काढायचं, म्हणून आयुष्यभराच्या नोकरीतून झालेलं एकुलतं एक घर विकायचं.

"मुलीनं जागा पाहिली का?" मी विचारलं.

"ती दुसऱ्या शहरात असते. तिला सांगितलेलंच नाही, सरप्राइज आहे. सांगितलं तर म्हणेल, आधी भाड्यानं राहून बघा."

म्हणजे त्या देशात ओळखीचं जे एकच माणूस होतं, तिथली भाषा वाचू शकणारं, त्यालाच यातून बाहेर ठेवलं होतं. अशा प्रकरणांत हे नेहमी आढळतं. फसवणाऱ्याला फारसं काही लपवावं लागत नाही, आपणच कुणाला तरी सांगायचं टाळतो.

"वकिलाला दाखवलंत?"

"दाखवलं ना. एजंटनंच वकील दिला. फीसुद्धा घेतली नाही."

मग त्यांनी फाईल उघडली. वरती तिकडच्या लिपीतला एक कागद, शिक्क्यांनी भरलेला. खाली इंग्रजी भाषांतर, तेही एजंटनं दिलेलं. मांडणी अशी, की इथल्या सरकारी महामंडळाचं वाटपपत्र ज्यानं पाहिलंय त्याला हे आपलंच वाटावं. आणि त्यात ठळक अक्षरांत, भाडेपट्टा साठ वर्षं.

"लीज आहे, मालकी नाही," मी उगाच म्हणून बघितलं.

गृहस्थ हसले. "साहेब, नवी मुंबईत काय वेगळं आहे? आपल्या सगळ्यांच्या घराखालची जमीन साठ वर्षांच्या लीजवरच आहे ना?"

आणि मी मान डोलावली. माझं स्वतःचं घरही तसल्याच जमिनीवर. तो साठचा आकडा मलाही खटकला नाही, हे लिहून ठेवतो.

काकू, म्हणजे तांडेलाची ताई, स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होत्या. मी तांडेलाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खोकला कमी झाला का त्यांचा?" आणि मग, "ते स्वतः आले होते? मोऱ्याहून?"

"हो, काकू. तुमच्यासाठी आले होते."

त्या उठून गॅस बंद करायला आत गेल्या.

गृहस्थांचा मात्र आवाज चढला होता. "शुक्रवारी अकराला रजिस्ट्रेशन आहे. घर घेणारा थांबणार नाही. तुमच्याकडे पुरावा काय आहे?"

"एक कालव आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तसंच बघितलं असतं.

फसवणुकीच्या गुन्ह्यात नुसतं नुकसान दाखवून भागत नाही. आरोपीला पहिल्यापासून ठाऊक होतं आणि मनात खोट होती, हे दाखवावं लागतं. नाहीतर तो आरामात म्हणतो, प्रकल्पाला उशीर होतोय, मी तरी काय करू? आणि प्रकरण दिवाणी होऊन बसतं. माझ्याकडे दोन दिवस होते.

एजंटला नोटीस देऊन गुरुवारी सकाळी चौकशीला बोलावलं. पस्तिशीचा, गोड बोलणारा. आधी ह्याच शहरात फ्लॅट विकायचा. स्वतः होऊन चार फायली घेऊन आला, कागद बघून पोलीस गप्प बसतात हा त्याचा अनुभव असावा. मी त्याला चहा दिला आणि बोलू दिलं. खरं बोलणारा माणूस ठाण्यात अडखळतो, तारखा विसरतो, मध्येच मागे जातो. हा एकदाही अडखळला नाही. तास गेला, दीड तास गेला, हाती काही लागलं नाही. समुद्राच्या पाण्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "सर, मी सेल्सवाला माणूस. मला भरती-ओहोटी काय कळते?"

तिकडे बाहेर हवालदार बाई त्याच्या फायली चाळत होत्या. त्यांत आतापर्यंतच्या तीन सहलींचे छापील कार्यक्रम होते. एका गटाला जागा दाखवली सकाळी साडेसातला, दुसऱ्याला दुपारी एकला, तिसऱ्याला संध्याकाळी साडेचारला. तिसऱ्या गटाला तर त्याआधी बाजारात दोन तास नुसतं फिरवलं होतं. बाईंनी त्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक इंटरनेटवरून काढलं. ते कुणालाही फुकट बघता येतं. मग जबाबासाठी येऊन बाकावर बसलेल्या तांडेलाला त्या एकेक तारीख आणि वेळ वाचून दाखवू लागल्या. त्याला ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण ऐकता ऐकता तो ताठ बसला.

"तिन्ही येला पुरती ओहोटी," तो म्हणाला. "हा मानूस घड्याल बघून बस सोडत नाय, बाय. पानी बघून सोडतंय."

बाईंनी दोन्ही कागद आणून माझ्यासमोर ठेवले आणि हळूच पुढच्या महिन्याच्या पानावर बोट ठेवलं. मी एजंटला सहज विचारलं, "पुढची सहल कधी?"

त्यानं तारीख सांगितली.

"साईटवर किती वाजता नेणार?"

"दुपारी दोनला," तो पटकन म्हणाला.

"तिकिटं काढलीत?"

"नाही, अजून गट पूर्ण व्हायचाय."

"विमान कुठलं ते ठरलेलं नाही, माणसं ठरलेली नाहीत, मग दोन वाजता हे कसं ठरलं?" मी वेळापत्रक त्याच्याकडे फिरवलं. त्या तारखेची ओहोटी होती दोन वाजून दहा मिनिटांनी.

त्यानं पाणी मागितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तिकडचा पार्टनर वेळ कळवतो, सर. तेवढ्याच वेळेत नेऊन आणायचं."

एवढं पुरे होतं. पुढं सगळं भडाभडा बाहेर आलं. तो शिक्क्यांचा कागद जमिनीचा नव्हताच, समुद्रकाठी जाहिरातीचा फलक लावायच्या वर्षभराच्या परवानगीचा होता. भाषांतर एजंटनं घरी बसून केलं होतं. तिथल्या कायद्यानं परदेशी माणसाला जमीन घेता येते की नाही, हे चार दिवसांच्या सहलीत एकाही माणसानं विचारलं नव्हतं.

"साठ वर्षं कुठून आणलीस?" मी विचारलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो जवळजवळ हसलाच. "सर, ते मीच टाकलं. दुसऱ्या शहरात लीज म्हटलं की लोक दहा प्रश्न विचारतात. नवी मुंबईत साठ वर्षांचं लीज म्हटलं की माणसाला घरच्यासारखं वाटतं. पुढचं पान कुणी उलटत नाही."

मला माझं मान डोलावणं आठवलं.

मी लगेच सानपाड्याला फोन लावला. बंद. संध्याकाळी माणूस पाठवला तर दाराला कुलूप. शुक्रवारी सकाळी घाईघाईनं मी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पोचलो. ठरलेली वेळ झाली होती. घर घेणारा गृहस्थ बाकावर एकटाच होता, वैतागलेला. म्हणाला, "मी दिलेलं टोकन परत घ्यायला आलोय, साहेब. त्यांनी बुधवारीच कळवलं, विकणार नाही म्हणून."

बुधवारी. आमचं वेळापत्रक, आमची चौकशी, सगळं गुरुवारचं.

ठाण्यात परत आलो तर बाकावर काकू बसल्या होत्या. शेजारी तांडेल, मांडीवर स्टीलचा डबा, आणि तो मन लावून मऊ भात खात होता. आत ठाणे अंमलदारासमोर, बाईंनी दाखवलेली वेळापत्रकं पाहून, गृहस्थ फिर्याद लिहून देत होते, मान खाली घालून.

"काकू, तेव्हा तर माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता," मी म्हणालो.

"घर दोघांच्या नावावर आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेलात आणि मी ह्यांना सांगितलं, माझी सही मिळणार नाही. घर घेणाऱ्यालाही मीच तसं कळवलं. दोन दिवस आमच्यात बोलणं नाही. रागानं फोन बंद करून हे ठाणे शहरात बहिणीकडे जाऊन बसले, मलाही घेऊन गेले. पण मी ऐकलं नाही. चार घास घातले म्हणून एवढ्या लांबून धडपडत येणारा माणूस मला कशाला खोटं सांगेल?"

तांडेलानं डब्यातून मान वर न करता सांगितलं, "ताई, लोनचा आज जरा खारट झालाय."

मला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. वर्दीत असल्यामुळे मी तडक केबिनमध्ये गेलो.

गुन्हा दाखल झाला. तांडेलाचा मुलगाही मग लाज सोडून साक्षीदार म्हणून आला, पाठोपाठ इतर कुटुंबं आली. चौथी सहल निघालीच नाही. काहींना पैसे अंशतः परत मिळाले, काहींचे अजून कोर्टात अडकलेत. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पण ते एक घर वाचलं.

लोक मला विचारतात, परदेशात घर घ्यावं की नाही? जरूर घ्यावं. पण तिथं परदेशी माणसाला काय विकत घेता येतं आणि काय नाही, हे आधी विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणालातरी विचारावं. वकील आपला हवा आणि त्याची फी आपण दिलेली हवी. मूळ भाषेतला कागद आपल्या माणसाकडून वाचून घ्यावा, तिथल्या सरकारी नोंदवहीचा उतारा आपण स्वतः काढावा, आणि पैसे बँकेतून, नियमानं जावेत. रोख मागणाऱ्याला नमस्कार करावा. आपल्यामागे ते घर मुलांना कसं मिळेल, हेही तेव्हाच विचारावं. जागा दाखवणाऱ्याच्या बसमधून एकदा पाहून यावी, आणि मग त्याला न सांगता, वेगळ्या वेळी, एकट्यानं पुन्हा पाहावी. आणि कागदात जे ओळखीचं वाटेल तिथं जास्त थांबावं. अनोळखी गोष्टीला माणूस प्रश्न विचारतो, ओळखीच्या गोष्टीसमोर मान डोलावतो. मी डोलावली होती.

मला हे शिकवलं ते एका तांडेलानं, आवक-जावक सांभाळणाऱ्या एका हवालदार बाईनं आणि एका काकूनं. तिघांपैकी कुणीही माझ्या हुद्द्याचं नव्हतं. माझं श्रेय एवढंच, की मी घंटी वाजवली नाही.

निवृत्तीनंतर गेल्या वर्षी काकूंनी आम्हाला सानपाड्याला जेवायला बोलावलं. मी, हवालदार बाई आणि तांडेल. खालची गिरणी घरघरत होती. त्यांच्या मुलीनं तिकडे स्वतःसाठी एक छोटं घर पाहिलं होतं, तिच्या शहरात, रीतसर. स्वतःचा वकील, नोंदवहीचा उतारा, सगळं. गृहस्थांनी महिनाभर बसून एकेक कागद तिच्याकडून वाचून घेतला होता आणि फाईल मलाही दाखवली. काही म्हणजे काही राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिची सही होती.

मी म्हणालो, "आता काय राहिलं? करू दे सही."

"एक राहिलंय," काकू म्हणाल्या. मुलगी शेवटचं बघायला त्या नव्या घरी गेली होती. काकूंनी तिला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तांडेलाच्या हातात दिला. त्यानं तो हातभर लांब धरला.

"पोरी, जरा खाली उतर. फाटकाकडं जा. आता खांब दाखव. खाली, खाली, बुंध्याला."

मुलगी हसत होती, पण वाकून फोन खांबाच्या बुंध्याशी नेत होती. एक खांब झाला, दुसरा झाला. त्यानं चारही बघितले. घास हातात धरून आम्ही सगळे थांबलो होतो, गृहस्थही. मग तांडेलानं फोन काकूंना परत दिला आणि भातावर हात नेला.

"कोरडा हाय," तो म्हणाला. "घे म्हनावं."